नागपूरच्या आसपास वाघ कुठे राहतात आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, कोंढाळी, काटोल, कळमेश्वर, रामटेक, उमरेड, भिवापूर या भागांत शेती असणाऱ्यांना, शहराच्या कडेला घर किंवा प्लॉट घेणाऱ्यांना आणि वाघाची बातमी वाचून काळजीत पडणाऱ्यांना पुढची उत्तरं उपयोगी पडतील. नागपूरला वाघांची राजधानी म्हणतात. पण वाघ इथे का आहे, अमुक नाल्यात आहे आणि शेजारच्या टेकडीवर का नाही, हे समजून घेतलं तर भीती कमी होते आणि खबरदारी नेमकी घेता येते.

नागपूर शहरापासून वाघ किती अंतरावर आहे?

उत्तरेला पेंच, सिल्लारीच्या प्रवेशद्वारापर्यंत साधारण ७० किलोमीटर. आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, साधारण ६० किलोमीटर. नैऋत्येला वर्धा जिल्ह्यातलं बोर, तेही ६० ते ६५ किलोमीटर. त्यापलीकडे पूर्वेला नवेगाव-नागझिरा आणि दक्षिणेला ताडोबा-अंधारी. शहर या सगळ्यांच्या मधोमध बसलेलं आहे.

ही अंतरं रस्त्याची आणि प्रवेशद्वारापर्यंतची आहेत, आणि वाघ प्रवेशद्वारापाशी थांबत नाही. बोरच्या जंगलाला लागून कोंढाळी आणि हिंगण्याची प्रादेशिक वनं, म्हणजे अभयारण्याबाहेरची वनविभागाची जंगलं आहेत. त्यांच्या पुढे झुडपी जंगल, मग पडीक जमीन, मग औद्योगिक वसाहत. या साखळीत ‘जंगल संपलं’ असं दाखवणारी रेघ जमिनीवर कुठेही आखलेली नाही.

वाघ राहायची जागा कशी ठरवतो?

प्रश्न खरं तर वाघिणीबद्दल विचारायला हवा. नर जिथे वाघिणी आहेत तिथे हद्द राखतो, आणि वाघीण जिथे पिल्लं वाढवता येतील तिथेच टिकते. म्हणून एखाद्या जंगलात वाघ ‘राहतो’ की नुसता ‘येऊन जातो’ हे तपासायचं असेल, तर तिथे पिल्लांसह वाघीण दिसली का, हे आधी पाहावं.

तिला चार गोष्टी एकाच ठिकाणी लागतात. पहिली, वर्षभर पुरेल इतकं भक्ष्य. चितळ, सांबर, रोही (नीलगाय), रानडुक्कर आणि पेंच-ताडोबासारख्या ठिकाणी रानगवाही. वाघ साधारण आठवड्याला एक मोठी शिकार करतो, म्हणजे वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं. कळपातली दरवर्षी दहा टक्के जनावरं गेली तरी कळप टिकतो असं धरलं, तर एका वाघामागे सुमारे ५०० खुरी प्राणी हवेत. पिल्लं सोबत असली की शिकारीतलं अंतर आणखी कमी होतं.

दुसरी गोष्ट पाणी. पावसाळ्यातलं नव्हे, मे महिन्यातलं.

तिसरी, सावली आणि आडोसा. आपल्याकडची जंगलं कोरडी पानझडीची. साग, ऐन, धावडा, मोहा, तेंदू, मोई यांची पानं फेब्रुवारी-मार्चपासून झडू लागतात आणि एप्रिलमध्ये टेकडी उघडी पडते. तेव्हा गारवा उरतो तो फक्त नाल्याच्या पट्ट्यात, जिथे जांभूळ, करंज, अर्जुन हिरवे असतात, किंवा दाट बांबूच्या बेटात. नकाशावर २०० चौरस किलोमीटर दिसणाऱ्या जंगलात भर उन्हाळ्यात वाघाला वापरण्याजोगी जागा कितीतरी थोडी असते, ती यामुळे.

चौथी, माणसाची वर्दळ नसलेला एखादा कोपरा. पिल्लं पहिले दोनेक महिने एकाच आडोशाच्या आसपास असतात. तिथे रोज गुरं चरत असतील, सरपणासाठी माणसं येत असतील, कुत्री फिरत असतील, तर वाघीण पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. असं वारंवार झालं तर पिल्लं वाचत नाहीत.

चारांपैकी तीन असून चालत नाही. नागपूरच्या भोवतालच्या बऱ्याच जंगलांत पाणी आहे, आडोसा आहे, पण भक्ष्य विरळ आहे किंवा शांतता नाही. म्हणून तिथे वाघ दिसतात, पण स्थिरावत नाहीत.

जंगल दाट आहे, तरी आमच्या भागात वाघ नाही. असं का?

दाट आणि संपन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या सागाच्या लागवडीत झाडं भरपूर असतात, पण खाली गवत कमी, आणि गवत नाही तिथे चितळ नाही. चितळाला जंगलाची कड आणि मोकळं कुरण लागतं. घाणेरी माजली की उरलंसुरलं गवतही जातं. सांबर उताराच्या झाडीत राहतं, पण त्यालाही कुत्र्यांचा आणि गुरांचा त्रास होतो.

उलट उदाहरण ताडोब्यातलं. जामणी, रामदेगी-नवेगाव या गावांचं पुनर्वसन झालं आणि त्यांच्या जुन्या शेतांवर कुरणं तयार झाली. चितळांचे कळप तिथे आले आणि त्यांच्यामागे वाघ. शेतजमीन सपाट, सुपीक आणि पाण्याजवळ असते, म्हणून तिथलं कुरण डोंगरउतारावरच्या कुरणापेक्षा चांगलं पोसतं.

एका वाघाला किती जागा लागते?

भक्ष्य भरपूर असेल तर वाघीण २० ते ३० चौरस किलोमीटरमध्ये भागवते. नराची हद्द त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून मोठी. भक्ष्य विरळ असेल तर हेच आकडे कितीतरी वाढतात. बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा आहे आणि तो देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य सुमारे १८९ चौरस किलोमीटरचं. एवढ्या जागेत मोजक्या वाघिणी मावतात आणि दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येकीची पिल्लं मोठी होतात. ती कुठे जाणार, हा या दोन्ही ठिकाणांचा कायमचा प्रश्न आहे.

उन्हाळ्यात वाघ शहराच्या जवळ येतात, हे खरं का?

उन्हाळ्यात वाघ पाण्याजवळ येतात. ते पाणी गावाजवळ असेल तर गावाजवळ. अजून ओल धरून असलेले नाले, डोह, पाझर तलाव, खदानीतली डबकी, शेततळी, सगळीकडे हा हिशेब लागू होतो.

पेंचमधली गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिचा संबंध नागपूरकरांच्या नळाशी आहे. तोतलाडोह धरणाचं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं आणि तिथून शहराला मिळतं. हिवाळ्यानंतर जलाशय उतरू लागतो तसा काठाचा गाळ उघडा पडतो. त्या ओल्या गाळावर कोवळं गवत उगवतं, बाकीचं जंगल वाळून गेलेलं असताना. चितळांचे मोठे कळप तिथे उतरतात आणि काठावरच्या झाडीत वाघ दबा धरतो. पाणी किती आणि कधी सोडलं जातं, यावर त्या उन्हाळ्यात कुरण किती मिळेल हे अवलंबून असतं.

कृत्रिम पाणवठ्यांबद्दल मात्र सावध राहावं. सौर पंपावरचा पाणवठा जंगलाच्या आत असेल तर वाघाला आत धरून ठेवतो. तोच गावाच्या शिवेवर बांधला तर रोही, डुकरं आणि मागोमाग वाघ तिथे येतात. चांगल्या हेतूने केलेलं काम जागा चुकल्यामुळे अंगाशी येतं. मे महिन्यात पंप बंद पडला तरी तीच गत, कारण जनावरांना त्या पाण्याची सवय झालेली असते आणि ती एकाएकी दुसरीकडे वळतात. म्हणून पाणवठा बांधण्याआधी दुरुस्ती कोण करणार ते ठरवावं.

वाघ शेतात का येतो? जंगलात खायला नाही म्हणून?

बहुतेक वेळा नाही. शेतात खाणं आहे म्हणून येतो. तूर ऑक्टोबरपर्यंत माणसाच्या छातीएवढी होते आणि जानेवारीपर्यंत उभी असते. पऱ्हाटीचंही (कपाशीचंही) तसंच. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडे संत्र्याचे बगीचे आहेत, तिथे बारमाही पाणी आणि सावली दोन्ही. रानडुकरं आणि रोही या पिकांत दिवसासुद्धा मुक्काम करतात. वाघाच्या नजरेने तो जंगलाचाच भाग असतो.

म्हणून खरीप काढेपर्यंत वाघाचा माग लागत नाही, आणि तूर कापली की ‘अचानक वाघ आला’ अशी बातमी येते. तो आधीपासून तिथेच असू शकतो, फक्त आडोसा गेला. तूर-पऱ्हाटी काढताना शेवटचे काही तास एकाच बाजूने, आवाज करत, जंगलाकडची बाजू मोकळी ठेवून काम केलं तर जनावराला निघायला वाट राहते. चारही बाजूंनी कापत मध्यभागी आलं की ते कोंडतं, आणि कोंडलेलं जनावर अंगावर येतं.

मिहानमध्ये वाघ कसा पोहोचला?

नोव्हेंबर २०१९ मध्ये मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पाच्या परिसरात वाघ आढळला आणि कॅमेऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शहराला धक्का बसला, पण जागा पाहिली तर आश्चर्य वाटत नाही. हजारो हेक्टर जमीन संपादित झाली, बरीचशी वर्षानुवर्षं रिकामी राहिली. शेती थांबली, चराई कमी झाली, गवत आणि झुडपं वाढली. नाले आणि तळी होतीच. रोही आणि डुकरं वाढली. रात्री माणूस फिरकत नाही. बोरच्या बाजूने हिंगण्याच्या जंगलातून बाहेर पडलेल्या तरुण वाघाला इथवर आडोसा सलग मिळत गेला असावा.

अशी जागा त्याला काही दिवस धरून ठेवते, कायमची नाही. वाघीण नाही, भक्ष्य मर्यादित आणि सगळीकडे रस्ते. अशा वेळी त्याला हाकलण्यापेक्षा गर्दी लांब ठेवून परतीची वाट अंधारात आणि शांत ठेवणं हा उत्तम उपाय.

गोरेवाड्यात जंगली वाघ आहेत का?

गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान आणि बचाव केंद्र आहे. तिथले वाघ बंदिस्त आहेत. आजूबाजूच्या मोकळ्या जंगलात बिबट आहेत. शहरात शिरणारा प्राणी बहुधा बिबट असतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आयटी पार्क, गायत्रीनगर, महाराजबाग या भागांत बिबट्यानेच धावपळ उडवली होती. बिबट कुत्र्यांवर आणि डुकरांवर गुजराण करतो आणि एखाद्या बंद बंगल्याच्या आवारातही दिवस काढतो. वाघाला ते जमत नाही.

तरुण वाघ आईची जागा सोडून किती लांब जातात?

दीड ते दोन वर्षांचे झाले की निघतात. मादी बहुधा आईच्या शेजारीच जागा धरते. नर लांब जातो, कारण बापाच्या हद्दीत त्याला थारा नसतो.

‘जय’ नावाचा नर वाघ नागझिऱ्यात जन्मला आणि २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोहोचला. वाटेत वैनगंगा होती, महामार्ग होता, गावं होती. २०१६ पासून त्याचा पत्ता नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक तरुण नर २०१९ मध्ये रेडिओ कॉलरसह निघाला, तेलंगणाच्या हद्दीतून आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून फिरत डिसेंबरमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. हजारो किलोमीटरची पायपीट केली, पण तिथे वाघीण नव्हती.

या दोन्ही प्रवासांचा बराच भाग संरक्षित जंगलाबाहेरचा आहे. नाले, धुरे (शेतांचे बांध), झुडपी जंगल, वनविकास महामंडळाची लागवड आणि शेतं. वाघांचे जोडमार्ग म्हणतात ते हेच, आणि त्यावर कुठेही पाटी लावलेली नसते.

नागपूरच्या भोवती कोणते जोडमार्ग महत्त्वाचे आहेत?

बोरहून कोंढाळी, काटोल, कळमेश्वरकडे जाणारा पट्टा, जो पुढे मेळघाट आणि पेंच या दोन्ही दिशांना फुटतो. पेंचहून मानसिंगदेव, रामटेक, तुमसरकडच्या जंगलातून नागझिऱ्याकडे जाणारा. उमरेड-कऱ्हांडल्याहून भिवापूर, नागभीड, घोडाझरी, ब्रह्मपुरीमार्गे ताडोब्याकडे जाणारा. वाघांची सर्वाधिक ये-जा असलेल्या पट्ट्यांपैकी हा एक. आणि बोर ते उमरेड, जो बुटीबोरी आणि महामार्गाच्या दाटीत सापडला आहे. आमच्या मते सर्वांत आधी लक्ष द्यायला हवं ते या शेवटच्याकडे, कारण तिथे आता नाल्यांच्या काठाचे अरुंद पट्टेच उरलेत. नाला खोलीकरणात काठची झाडी काढली, काँक्रीटची भिंत बांधली, की तो पट्टाही जातो.

रस्ते आणि कालवे यांनी नेमकं काय बिघडतं?

रस्त्यावर दोन प्रकारे नुकसान होतं. एक, अपघात. बोरचा ‘बाजीराव’ हा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मेला. दोन, वाघ रस्त्यापर्यंत येऊन परत फिरतो आणि पलीकडचं जंगल त्याच्यासाठी संपतं. दुसरं नुकसान दिसत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

उपाय आहे आणि तो नागपूरजवळच उभा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर ते खवासा या पेंचलगतच्या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट दिली आहे. लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघांसह १८ प्रकारचे जंगली प्राणी खालून जाताना नोंदले गेले. मार्ग खरंच वापरात यायचा तर तो जुन्या वाटेवर किंवा नाल्यावरच हवा, तळ मातीचा हवा, दोन्ही तोंडांना झाडी हवी, आणि खाली ट्रक उभे करणं, दारू पिणं, गुरं बांधणं बंद हवं. पाईपच्या मोरीला ‘प्राणी मार्ग’ असं नाव दिलं म्हणून वाघ त्यातून जात नाही.

कालव्याचा त्रास वेगळा. गोसीखुर्द धरणाचा उजवा कालवा उमरेड-कऱ्हांडला आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या पट्ट्याला छेदून जातो. काँक्रीटचे काठ उभट आणि गुळगुळीत. पाणी प्यायला उतरलेलं जनावर पुन्हा वर चढू शकत नाही. ठराविक अंतरावर खडबडीत उतार, आणि जोडमार्गावर कालव्यावरून मातीचे, गवत लावलेले रुंद पूल, एवढं केलं तर बराच फरक पडतो. नुसत्या काँक्रीटच्या अरुंद पुलावरून चितळ जायला बिचकतं, आणि चितळ गेलं नाही तर वाघही फार काळ जाणार नाही.

शेतातल्या करंटमुळे वाघ मरतात. शेतकऱ्याने पिकाचं रक्षण मग कसं करावं?

डुकरांनी एका रात्रीत एकराचं नुकसान केलं की शेतकऱ्याची काय अवस्था होते, हे समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलू नये. तरीही थेट २३० व्होल्टची तार लावणं हा गुन्हा आहे, आणि त्या तारेने माणसंही मरतात, अनेकदा घरचीच. २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागातून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण अडीच महिन्यांत सुमारे ५०० किलोमीटर भटकली आणि ऑक्टोबरमध्ये अशाच तारेने गेली. जयचा वंशज मानला जाणारा ‘श्रीनिवास’ हा वाघही त्याच वर्षी नागभीडकडे करंटनेच मेला.

सौर कुंपणात वीज सलग वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता, काही हजार व्होल्टचा झटका येतो. जनावर दचकून मागे होतं, मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत यासाठी अनुदान मिळतं; चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

कुंपण बसवूनही ‘डुकरं येतातच’ अशी तक्रार असते. कारणं बहुधा पुढचीच. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला लागतं आणि झटका जमिनीत उतरतो. दर पंधरा दिवसांनी तारेखाली दोन फूट रुंद पट्टा साफ करावा. अर्थिंगची एकच सळई उथळ ठोकलेली असते. किमान तीन सळया, तीन-चार फूट खोल, एकमेकींपासून अंतरावर हव्यात, आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तिथे पाणी ओतावं. खालची तार फार वर असते. डुकरासाठी ती जमिनीपासून वीतभर ते फूटभर उंचीवर हवी, रोह्यासाठी वर आणखी तीन-चार तारा. पॅनलवर धूळ बसते आणि बॅटरी पहाटेपर्यंत टिकत नाही, नेमक्या त्याच वेळी डुकरं येतात. आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे सौर कुंपणाच्या तारेला रात्री घरचा करंट जोडणं. तसं केलं की ते कुंपण राहत नाही, सापळा होतो.

कुंपण एकट्याच्या वावराला घातलं तर डुकरं शेजाऱ्याकडे जातात. दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून जंगलाच्या कडेने एकच सलग कुंपण घातलं तर खर्चही वाटला जातो आणि देखभालीची पाळीही लावता येते.

त्रास देणारा वाघ पकडून लांब का सोडत नाहीत?

पकडलेल्या जागेत भक्ष्य आणि आडोसा तोच राहतो, म्हणून काही आठवड्यांत दुसरा वाघ तिथे येतो. हा नवा वाघ अनोळखी आणि बहुधा तरुण, म्हणजे गुरांवर हात टाकण्याची शक्यता जास्त. सोडलेल्या जागी आधीचा वाघ असतो, त्याच्याशी झुंज होते, किंवा सोडलेला वाघ भटकत राहतो. बोरमधल्या वर सांगितलेल्या वाघिणीचं हेच झालं.

विचारपूर्वक केलेलं स्थलांतर वेगळं. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, कारण तिथे जागा आणि भक्ष्य असून वाघिणी कमी होत्या. माणसांवर वारंवार हल्ले करणाऱ्या वाघाला मात्र पकडावंच लागतं. त्यात उशीर झाला तर लोकांचा सगळ्याच वाघांवरचा विश्वास उडतो.

वाघ वाढले म्हणजे मोजले कसे?

दर चार वर्षांनी देशभर गणना होते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघांचा अंदाज आला. जंगलाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण प्रत्येक वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात.

ठसा वाघाचा की बिबट्याचा, कसं ओळखावं?

प्रौढ वाघाच्या पंज्याची रुंदी बहुधा ११ सेंटिमीटरपेक्षा जास्त, बिबट्याची १० पेक्षा कमी. नखांचे ठसे उमटले असतील तर कुत्रा किंवा तरस. ओल्या, भुसभुशीत मातीत ठसा पसरून मोठा दिसतो, म्हणून कडक मातीवरचा ठसा शोधावा. शेजारी स्केल किंवा काडेपेटी ठेवून सरळ वरून फोटो घ्यावा. ठशावर घमेलं पालथं घालून ठेवलं तर वनरक्षक येईपर्यंत तो टिकतो.

मोहफूल आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचतात, तेंदूपत्ता मे महिन्यात. वेळ वाघाच्या फिरण्याचीच, आणि वाकलेला माणूस मागून चितळाएवढा दिसतो. चार-पाच जणांनी एकत्र जावं, एकाने उभं राहून भोवताली पाहावं, सतत बोलत राहावं. उजाडल्यावरच निघावं. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी दुपारी साफ केला तर पहाटे जाळण्याची गरज उरत नाही आणि वणवाही लागत नाही. नाल्याच्या दाट झाडीत, करवंदीच्या जाळीत शिरू नये. कुठे कुजका वास आला, कावळे जमलेले दिसले, तर जवळ शिकार पडलेली असते. आल्या वाटेने परत फिरावं.

जनावर मारलं तर भरपाईसाठी काय करावं?

४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावं. हॅलो फॉरेस्टचा १९२६ हा क्रमांक नि:शुल्क आहे. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवू नये. बहुतेक दावे इथेच अडकतात. मानेवरच्या दातांच्या खुणा आणि आजूबाजूच्या ठशांचे फोटो काढावे. शिकारीवर विषारी औषध टाकू नये, तो गुन्हा आहे आणि त्याने गावची कुत्रीही मरतात. गाय, म्हैस, बैल यांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी रक्कम मिळते. माणसाचा मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये.

शहराच्या कडेला प्लॉट किंवा फार्महाऊस घेतोय. काय पाहावं?

सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे का ते आधी पाहावं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशी जमीन मोठ्या प्रमाणात आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनसंवर्धन कायद्याखाली वनच असल्याचं स्पष्ट केलं. एजंट ‘नुसती काटेरी झुडपं आहेत’ म्हणाला तरी फरक पडत नाही. वाघाच्या जोडमार्गांचा मोठा भाग याच जमिनीवर आहे.

मग नाला पाहावा. प्लॉटमधून किंवा शेजारून वाहणारा नाला जंगलापर्यंत सलग झाडीतून जात असेल तर रात्री त्यातून जनावरं जाणारच. कंपाउंडची भिंत नाल्यापासून मागे घ्यावी, मोठे दिवे नाल्याच्या दिशेने लावू नयेत. खरकटं आणि कोंबड्यांची आतडी उघड्यावर टाकली की डुकरं आणि कुत्री येतात, आणि त्यांच्यामागे बिबट. गोठ्याला चारही बाजूंनी भिंत किंवा मजबूत जाळी आणि वर छत हवं. फाटकाची खालची फट बोटभरच ठेवावी.